नांगराचा एक गुण

त्या रविवारी मास्तर पेन्सिलींना टोक करत बसले होते. घरात शार्पनर होतं, पण ते त्यांना पटत नसे. ते लाकूड कुरतडतं, म्हणायचे. ब्लेड घ्यायचं, पेन्सिल छातीपासून लांब धरायची आणि मांडीवरच्या वर्तमानपत्रात सालपटं पाडत राहायचं. वय अठ्ठ्याहत्तर झालं होतं, तरी हात थरथरत नव्हता.

मास्तर हे काही त्यांचं पद नव्हतं. ते छापखान्याची मुद्रितं तपासत, आणि त्यांची स्वतःची शाळा नववीतच सुटली होती. पण तरुणपणी अकरा वर्षं ते बायको आणि दोन मुलांना घेऊन एका शिडाच्या बोटीवर राहिले. छापखान्याची पुडकी बंदराबंदरांतून टपालाने येत, तपासून परत जात. त्या अकरा वर्षांत मुलांना शिकवणारे तेच. धक्क्यावरच्या लोकांनी थट्टेने मास्तर म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव जन्माचं चिकटलं. बोट चालवायची बायको. वारा तिला कळायचा, यांना फक्त त्याचं व्याकरण कळायचं. म्हणून ती कप्तान. घरातही दोघं एकमेकांना याच नावांनी हाक मारत.

“कप्तान, चहाचं काही जमेल?”

“माझ्या हातात सुई आहे.” कप्तान जमिनीवर पसरलेल्या कुणाच्या तरी फाटक्या शिडात बुडाली होती. तळहाताला चामड्याची पट्टी, तोंडात मेणाचा दोरा. “लेकीला सांगा. दर रविवारी येते ती काय नुसती आमची तोंडं बघायला?”

“उठलेच,” थोरली म्हणाली.

थोरलीचं वय शेहेचाळीस. एका मोठ्या ग्रंथालयात ती चौकशीच्या टेबलावर बसे. कुणी काहीही विचारावं, तिने पुस्तक काढून द्यावं. धाकटा भाऊ लांबच्या शहरात होता आणि फोनवरून वर्षातून चारदा जोराजोरात माया करायचा. आईबाप बंदराजवळच्या दुकानावरल्या दोन खोल्यांत राहत. मागच्या खोलीच्या खिडकीतून चार-पाच डोलकाठ्या दिसत, बोटी दिसत नसत. कप्तान त्या खिडकीकडे पाठ करून बसायची. उजेड पाठीमागून आला की टाका नीट दिसतो, एवढंच कारण ती सांगे.

चहा उकळत होता तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. एक तिशीची बाई, हाताला सहा-सात वर्षांची मुलगी. आठवड्यापूर्वी बंदरात आलेल्या बोटीवर ही माणसं राहत होती. शिडं शिवायच्या शेडमध्ये कुणीतरी तिला मास्तरांचा पत्ता दिला होता.

“तुम्ही वह्या केल्या होत्या म्हणे,” ती अवघडून म्हणाली. “बोटीवर बसून मुलांना शिकवायच्या. माझी सगळी पुस्तकं जमिनीवरच्या मुलांसाठी लिहिलेली आहेत हो. पहिल्याच धड्यात ‘तुमच्या घरासमोरच्या झाडाचं चित्र काढा’. आमच्या घरासमोर रोज वेगळंच काहीतरी असतं.”

मास्तर हसले. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. “तुझी बोट केवढी लांब आहे गं?”

“तेवीस पावलं,” ती ताडकन म्हणाली. “पण बाबांची सतराच आहे.”

“अरे वा! एका घरात दोन बोटी?”

“नाही हो. एकच!”

“मग तुझी मोठी कशी?”

मुलगी गोंधळली. मास्तरांनी घाई केली नाही. तिच्याकडे न बघता ते पेन्सिल तासत राहिले. घाई न करणं ही त्यांची सगळ्यात मोठी विद्या होती. मुलीने आपल्या पायांकडे पाहिलं, मग मास्तरांच्या सपातांकडे, आणि उठून खोलीच्या भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत गेली. “माझी अकरा. आता तुम्ही चाला.”

मास्तर चालले. आठ. पुढचा अर्धा तास खोली मोजण्यात गेला. पावलांनी, वितींनी, पेन्सिलींनी. कप्तानला शिडासकट दोनदा उठवण्यात आलं. “समुद्रात होते तेव्हा बरी होते,” ती कुरकुरली, पण उठली. शेवटी मुलीने जाहीर केलं की बोट आहे तेवढीच असते, पाय वेगळे असतात, आणि म्हणून सगळ्या जगाने एकच पाय ठरवला पाहिजे.

“ठरवलाय,” मास्तर म्हणाले, “पण तू म्हणालीस ते जास्त बरं होतं.”

ओट्यापाशी चहा आटून गेला होता. थोरलीने तो गाळला नाही. ती दाराच्या आड उभी राहून ऐकत होती, आणि तिला वाटत होतं की आता मिळणार वह्या. न मिळून कसं चालेल?

“मास्तर, तेवढ्या वह्या,” बाईने पुन्हा विचारलं.

मास्तरांचा चेहरा मिटला. “नको,” ते म्हणाले. “वह्या आहेत, पण त्यांचा निकाल लागलेला आहे. माझ्या थोरलीने त्या वह्यांवर परीक्षा दिली, आणि तिला शंभरपैकी एक गुण मिळाला. दोष तिचा नव्हता. पोर हुशार होती, नंतर शाळेत गेली आणि पहिली आली. शिकवणाराच कच्चा होता. तुमच्या लेकीवर तो प्रयोग नको.”

“पण आत्ता तुम्ही तर...”

“ही गंमत झाली. शिकवणं वेगळं.”

बाईने आणखी आग्रह केला नाही. मुलीला घेऊन ती गेली. चहा पुन्हा टाकावा लागला.

तो एक गुण असा.

थोरली चौदा वर्षांची असताना मास्तरांना समजलं की किनाऱ्यावरच्या एका मोठ्या शाळेत घरी शिकलेल्या मुलांसाठी परीक्षा असते. पास होणाऱ्याला वसतिगृहात जागा, आणि पुढचं सगळं शिक्षण. ज्याची शाळा नववीत सुटली त्या माणसाला अशी दारं सोन्याचीच दिसतात. त्यांनी वर्षभर तिची तयारी करून घेतली. बोटीच्या तळातलं पाणी उपसायचा पंप असे. त्याच्या दांड्यावर पाढे म्हणायचे, एका हेलकाव्याला एक ओळ, आणि एकोणतीसचा पाढा संपेपर्यंत तळ कोरडा व्हायचा. इंजिनाच्या पेटीचं झाकण काळं रंगवून त्याचा फळा केला होता. खडू सर्द व्हायचे, म्हणून ते तांदळाच्या डब्यात ठेवायचे, आणि मग भातात कधीतरी खडू निघायचा. “आज भूगोल जरा कचकचतोय,” कप्तान म्हणायची. नाणं उडवून शक्यता शिकवली. गोड्या पाण्याच्या टाकीवर अपूर्णांक शिकवले. तिथे उत्तर चुकलं तर खरोखरच तहान लागे. जिथे पुस्तक अडलं तिथे त्यांनी स्वतः धडा लिहिला, बारीक, सरळ अक्षरात. चौदा वह्या झाल्या.

आणि थोरलीला जायचं नव्हतं. वसतिगृह म्हणजे न हलणारी खाट, चाळीस मुली, आणि बोट तिला न घेता निघून गेलेली. पण बाबांचं तोंड बघितलं की तिला नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून तिने नापास व्हायचं ठरवलं. नापास झालं की शाळा घेणार नाही, शाळेने घेतलं नाही की आपण होतो तिथेच. चौदाव्या वर्षी अक्कल एवढीच लांब पोचते.

प्रश्न शंभर होते. प्रत्येकाखाली चार उत्तरं, बरोबर असेल त्यावर खूण करायची. तिने प्रत्येक प्रश्न नीट वाचला, बरोबर उत्तर कुठलं ते हेरलं, आणि त्याच्या शेजारच्यावर खूण केली. एका ठिकाणी मात्र तिला कोडं पडलं. ‘नांगराचा उपयोग कशासाठी करतात?’ पाणी उपसायला, जमीन उकरायला, धान्य पाखडायला, ओझं मोजायला. बोट थांबवायला, हे उत्तर चारांत नव्हतंच. म्हणजे चारही चूक! तिने त्यातलं सगळ्यात भयंकर निवडलं. नांगर घसरून तळ उकरत जायला लागला की आई मध्यरात्रीच्या झोपेतूनही ओरडत उठायची. नांगराने जमीन उकरणं म्हणजे बोट गेलीच. तिने निर्धास्तपणे तिथे खूण केली.

तो तिचा एकमेव गुण. शेतातही एक नांगर असतो, हे तिला पुढच्या वर्षी कळलं, शाळेच्या पुस्तकात बैलांमागचं चित्र पाहून. ती वर्गात मोठ्याने हसली, मग रडायला लागली, आणि बाईंनी तिला तोंड धुवायला पाठवलं.

डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी पंचवीसेक गुण पडले असते. ज्या माणसाने नाणं उडवून शक्यता शिकवली होती, त्याने एवढं साधं गणित मांडलं नाही. मास्तरांनी निकालाचं पत्र डेकवर उभ्याउभ्या वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “चूक माझी आहे.” तिला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर तिने भांडून खरं सांगून टाकलं असतं. आठ दिवसांत बोट धक्क्याला कायमची बांधली गेली. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणेपर्यंत गिऱ्हाईक आलं, डोलकाठी ठोकून बघून गेलं, आणि बोट विकली गेली. दोघा मुलांना दोन यत्ता खाली घालून जवळच्या शाळेत बसवलं. कप्तान इतरांची शिडं शिवायला लागली.

मग थोरली पहिली आली. दुसऱ्या वर्षी पुन्हा आली. “बघ कप्तान,” मास्तर म्हणायचे, अगदी खऱ्या आनंदाने, “नीट शिकवणारे मिळाल्यावर पोर कशी चमकली.” तिचा प्रत्येक पहिला नंबर बाबांच्या विरुद्ध साक्ष द्यायला उभा राही. धाकटा तिला एकटक्का म्हणून चिडवायचा. त्या थट्टेला घरात सगळे हसत, मास्तर सोडून. आणि त्यांनी पुन्हा कधी कुणाला काही शिकवलं नाही. नातवंडांनाही ते म्हणत, “आईला विचार हां.”

बत्तीस वर्षं झाली. तेव्हा बाबा शेहेचाळीस वर्षांचे होते. आता ती तेवढी होती, आणि त्या वयाच्या माणसाला काय काय मनाला लागतं हे तिला आता कळत होतं.

चहाचा कप त्यांच्या हातात देताना ती त्यांच्या समोर बसली. “बाबा.”

“हं?”

ते वर बघत होते. डोळे स्वच्छ, थोडे थकलेले. त्या लहान मुलीमुळे गाल अजून लाल होते. आत्ता सांगितलं तर? एका क्षणात बत्तीस वर्षांचं ओझं उतरेल त्यांचं, आणि त्याच क्षणात त्यांना कळेल की ते उगीच वाहिलं. बोट उगीच गेली. दुसरं पहिल्याहून जड निघालं तर?

“चष्मा किती मळलाय,” ती म्हणाली. “द्या इकडे.”

तिने पदराने चष्मा पुसला. त्यांनी तो घालून तिच्याकडे पाहिलं. “थोरले, तुझे केस पिकले की गं,” ते आश्चर्याने म्हणाले, आणि कप्तान एवढी हसली की तिच्या तोंडातला दोरा पडला.

सोमवारी सकाळी साडेनऊला ग्रंथालयात फोन आला. कप्तानचा आवाज अगदी शांत होता. वादळातही तो असाच असायचा. “थोरले, मास्तर अंघोळ करून खुर्चीत बसले, ते उठत नाहीयेत. तू ये. घाई करू नकोस, रस्ता बघून ये.”

धाकटा आला, पंधरा दिवस राहिला, खांद्यावर डोकं ठेवून रडला आणि गेला. थोरली रडली नाही. तिने पत्रं लिहिली, कागदपत्रं लावली, बाबांचे शर्ट वाटून टाकले. शोकावर तिने आयुष्यात पुष्कळ वाचलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं, पण उपयोगाचंही काही निघालं नाही. चष्मा पुसताना हाताला जाणवलेली त्या काड्यांची ऊब तेवढी पुन्हा पुन्हा जाणवायची.

तिसऱ्या आठवड्यात कप्तानने घर आवरायला काढलं. पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून तिने झाकण उघडलं. चौदा वह्या, मेणकापडात गुंडाळलेल्या. तिने एकही उघडली नाही. तशाच उचलून जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवल्या आणि भोवती दोर घातला.

“आई, या कुठे?”

“रद्दीत. चार वाजता येणार आहे तो.”

“तुझ्याजवळ ठेव ना.”

“आणि मी गेल्यावर? मग तू ठेवणार, तुझ्यानंतर कोण? कुणाच्या पोराच्या हाती लागायला नकोत, असं म्हणाले होते. दहादा म्हणाले होते. माझ्याच्याने त्यांच्या हयातीत टाकवल्या नाहीत. आता त्यांना दिसणार नाही.” कप्तान गाठ मारत होती. आपोआप सुटणार नाही पण सोडताना कापावीही लागणार नाही, अशी गाठ फक्त तीच मारू जाणे. “काय चांगलं अक्षर होतं गं माणसाचं.”

पावणेचारला जिन्यावर पावलं वाजली. रद्दीवाला नव्हता. ती बोटीवरची बाई होती, या वेळी एकटीच. खाली शेडमध्ये तिला कळलं होतं. ती दारातच उभी राहिली, हात एकमेकांत गुंतवून.

“आम्ही उद्या निघतोय,” ती म्हणाली. “वारा बदललाय. म्हटलं भेटून जावं. मुलगी विचारते रोज, ते आजोबा आणखी काय मोजतात म्हणून.”

“बस,” कप्तान म्हणाली.

बाई बसली. बसल्या जागी तिची नजर गठ्ठ्यावर गेली. वरच्या वहीवरचं मेणकापड सरकलं होतं आणि खाली बारीक, सरळ अक्षरांत ‘पाण्यावरचा भूगोल’ असं दिसत होतं. तिने ते वाचलं. तिचे ओठ वाचताना हलले.

“आजी, या त्याच का?”

“त्याच.”

“मी मागत नाही. मास्तर नको म्हणाले होते.” ती थांबली. “पण रद्दीत चालल्या असतील तर... निदान एक? मला खरंच काही सुचत नाही हो. पोर विचारत सुटते आणि मी आपली पान उलटते.”

कप्तानने मान हलवली. ती कठोर नव्हती. तिचे डोळे ओले होते. “तुझं दुःख मला कळतं गं. मीही तशाच डेकवर पोरं वाढवली. पण माणूस गेला म्हणून त्याचा शब्द मोडायचा का? त्यांना वाटायचं, आपण आपल्याच लेकीचं नुकसान केलं. मरेपर्यंत ते आत सलत होतं. दुसऱ्या कुणाच्या लेकीचं माझ्या हातून झालं, तर मी वर जाऊन त्यांना काय तोंड दाखवू?”

खाली रस्त्यावर हातगाडीचं चाक करकरलं आणि थांबलं. रद्दीवाल्याने ओरडून विचारलं, वर येऊ का. कप्तान गुडघ्यावर हात टेकून उठली. गठ्ठा जड होता. तो तिने सवयीने, पाठ ताठ ठेवून, दोरापाशी धरला.

थोरली भिंतीला टेकून उभी होती. बाबांना आता काही सांगता येणार नव्हतं, ते दार लागलं होतं. उरली होती ती आई. आणि आईला सांगायचं म्हणजे त्याच तोंडाने बाबांना सोडवायचं आणि सांगायचं की तुझी बोट मी घालवली. खिडकीकडे पाठ करून काढलेली तुझी बत्तीस वर्षं माझ्यामुळे. आई कदाचित माफ करणार नाही. कदाचित रविवारी चहा टाकायला सांगणार नाही. आई दारापर्यंत पोचली होती.

“आई, थांब. खाली नेऊ नकोस.”

कप्तान वळली. बाईनेही मान वर केली.

“बाबा चुकीचं समजत होते,” थोरली म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला, पण तो फुटला नाही. “परीक्षेत मी मुद्दाम चुकले. मला तुम्हाला सोडून जायचं नव्हतं, बोट सोडायची नव्हती, आणि नको म्हणायचं धैर्य नव्हतं. म्हणून एकेका प्रश्नाचं खरं उत्तर शोधलं आणि ते टाळलं. मग तुम्ही बोट विकलीत, आणि मी गप्प बसले. आजपर्यंत गप्प बसले. आई, बाबांनी फार छान शिकवलं होतं गं. मला सगळं येत होतं.”

कप्तानने गठ्ठा बाईसमोर जमिनीवर ठेवला आणि स्वतःच मारलेली गाठ सोडायला घेतली.